पाचाच्या आत पंचवीस

सासूबाईंचा आकडा चुकतो, असं म्हणायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. सासरे होते तोवर त्यांचीही नव्हती. रोज संध्याकाळी गुरं चरून आली की सासूबाई फाटकाशी उभ्या राहायच्या, आत शिरणाऱ्या प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर थाप मारायच्या आणि मोठ्यानं मोजायच्या. शेवटचा आकडा झाला की आरोळी ठोकायच्या, "लाव फाटक!" आणि सुनेनं फाटक लावायचं. सहा वर्षं ती फाटक लावत होती. मोजायचा मान तिला कधी मिळाला नव्हता आणि तिनं तो मागितलाही नव्हता. धारा काढायच्या, दुधाचे कॅन डेअरीला पोचवायचे, शेण काढायचं, एवढं सगळं असताना वर मोजायची हौस कुणाला असते?

म्हणून सरकारी अर्जात जेव्हा 'एकूण जनावरे' असा रकाना आला, तेव्हा सुनेनं स्वयंपाकघरातूनच विचारलं, "आई, आपली गुरं किती हो?"

"पंचवीस," सासूबाई म्हणाल्या. "काल मोजली, आजही मोजीन. हवं तर उद्या परत विचार."

सुनेनं लिहिलं, पंचवीस. खाली झोकात सही ठोकली. गुरं कागदोपत्री तिच्याच नावावर होती, कारण डेअरीचं खातं तिच्या नावावर होतं.

हा अर्ज का भरावा लागला तेही सांगून टाकतो. उन्हाळ्याच्या शेवटी वणवा लागला आणि डोंगराकडचं सगळं चराऊ रान तीन दिवसांत काळं ठिक्कर पडलं. गुरं वाचली, घर वाचलं, पण गवताची काडी उरली नाही. गोठ्यातला साठवलेला चारा कसाबसा रविवारपर्यंत पुरला असता. सरकारनं तातडीची मदत जाहीर केली. ज्यांची गुरं पंचवीस किंवा त्याहून जास्त, त्यांना नवं गवत उगवेपर्यंत चारा घरपोच. पंचविसाच्या खालच्यांसाठी काय, असं विचारलं तर खिडकीतला कारकून म्हणाला, "त्यांचं विचाराधीन आहे." गुरं काही विचाराधीन चारा खात नाहीत हे त्याला कोण सांगणार?

मदत मिळाली नाही तर काय करायचं, हेही घरात ठरून गेलं होतं. गुरांच्या व्यापाऱ्याला शब्द दिला होता. सगळी गुरं, एकगठ्ठा. भाकड, दुभती, कालवडी, सगळी. सुनेनं तो शब्द दिला त्या दिवशी ती धारा काढताना एका गाईच्या पोटाला डोकं टेकून इतका वेळ बसून राहिली, की गाईनंच शेवटी मान वळवून बघितलं.

तर तपासणीचा शेवटचा दिवस उजाडला. आजच्या आज, पाच वाजायच्या आत, सरकारी माणसानं येऊन गुरं मोजायची, टॅबमध्ये आकडा भरायचा आणि पाठवायचा. पाच वाजले की अ‍ॅप आपोआप बंद.

सकाळपासून कुणी आलं नाही. दुपारी एक वाजता फाटकाशी हॉर्न वाजला म्हणून सून धावत गेली, तर दारात व्यापाऱ्याचा ट्रक. हा माणूस इतकं गोड बोलायचा की सगळे त्याला गोडबोल्याच म्हणायचे, अर्थात पाठीमागे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात चकचकीत घड्याळ.

"वहिनी, सहज आलो हं. तुमचं काम होवो, माझी तीच इच्छा आहे. मी आपला चहा घेईन नि जाईन."

"चहा प्यायला एवढा मोठा ट्रक आणलात?" सून म्हणाली.

"रिकामाच होता," गोडबोल्या म्हणाला आणि ट्रकचं तोंड फिरवून मागचं फळकूट बरोबर फाटकासमोर आणून लावलं. सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला.

दोनच्या सुमाराला तपासणीच्या मॅडम आल्या. उंच, सडपातळ, डोळ्यांवर चष्मा, पायात गमबूट, गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला टॅब. गेल्या आठ दिवसांत त्यांनी इतके गोठे पालथे घातले होते की गाई त्यांना आणि त्या गाईंना कंटाळल्या होत्या. चहा नको म्हणाल्या, पाणी नको म्हणाल्या, सरळ गोठ्यात शिरल्या. एकेकीच्या कानातला बिल्ला वाचत, टॅबवर बोट मारत दोन चकरा मारून बाहेर आल्या.

"चोवीस," मॅडम म्हणाल्या.

"पंचवीस," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, मी दोनदा मोजली."

"मी चाळीस वर्षं मोजतेय."

सुनेनं स्वतः आत जाऊन मोजली. चोवीस. गवाणीमागे बघितलं, पाण्याच्या टाकीमागे बघितलं, एकदा तर चक्क कडब्याच्या खोलीत डोकावली, जणू तिथं एखादी गाय लपून बसली असती! चोवीसच.

"एक चोरीला गेली," सासूबाईंनी निकाल दिला. "काल संध्याकाळी पाण्यावरून आली तेव्हा पंचवीस होती. माझ्या या हाताखालून गेली." आणि त्यांनी गोडबोल्याकडे असं बघितलं की त्यानं गडबडीनं स्वतःच्या रिकाम्या ट्रकात डोकावून खात्री करून घेतली.

मॅडम वैतागल्या होत्या, पण माणूस सरळ होता. "आजी, तुम्ही जशा रोज मोजता तशा माझ्यासमोर मोजा. म्हणजे तुमचंही समाधान, माझंही."

मग काय, भर दुपारी सगळी गुरं बाहेर काढली. पार वळणापर्यंत नेली, तिथून वळवली. उन्हातान्हाची ही कसली वरात म्हणून गाई हंबरत होत्या. महाराणी नावाची गाय तर गाभण, दिवस भरत आलेले, पोट दोन्ही बाजूंना फुगलेलं. ती दर दहा पावलांवर थांबायची आणि सुनेकडे अशी बघायची की हे तुला शोभतं का. सून तिला चुचकारत, ढकलत, "चल गं बाई, चल गं माझी राणी" करत मागून आणत होती.

फाटकाशी सासूबाई पदर खोचून उभ्या. थाप. "एक!" थाप. "दोन!" मॅडम शेजारी उभ्या राहून मनातल्या मनात मोजत होत्या. गोडबोल्या ट्रकच्या फळकुटावर बसून बोटांवर मोजत होता. "बावीस! तेवीस!" सगळ्यांत शेवटी धापा टाकत महाराणी आली. "चोवीस!"

रस्ता मोकळा होता.

तेवढ्यात कळपामागून नेहमीसारखा डुलत डुलत कुत्रा आला. कायम कळपाच्या शेवटी चालायचा म्हणून त्याचं नाव पडलं होतं शेपूट. सासूबाईंनी न बघताच हात थोडा खाली नेला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि छाती फुगवून ओरडल्या, "पंचवीस! लाव फाटक!"

सुनेचा हात कडीवर तसाच राहिला. मॅडमचं तोंड उघडं पडलं.

"आई," सून हळूच म्हणाली, "हा शेपूट आहे."

"मग? मला दिसत नाही का? तो आत आल्याशिवाय फाटक कसं लावायचं? तो आला म्हणजे कळप पुरा झाला. माझे सासरे असंच मोजायचे, मीही असंच..." आणि सासूबाई मध्येच थांबल्या. त्यांचा हात तोंडावर गेला.

चाळीस वर्षं! गाई आल्या, गेल्या, विकल्या, व्याल्या. कुत्रीही तीन झाली. आणि चाळीस वर्षं त्या घरानं प्रत्येक हिशेबात कुत्रा गाय म्हणून धरला होता.

सुनेला हसू आलं. वेळ कसली, आपण हसतोय काय, हे तिला कळत होतं, पण ते हसू काही आवरेना. फाटक धरून ती खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. सासूबाई आधी चिडल्या, मग त्यांचेही खांदे हलायला लागले. गोडबोल्यानं तर फळकुटावरच लोळण घेतली. "वहिनी, दूध किती देतो हो हा?" असं त्यानं विचारल्यावर मॅडमनाही तोंड फिरवावं लागलं.

हसू ओसरलं तसं सगळं ध्यानात आलं. मॅडमनी डोळे पुसले आणि टॅब उघडला.

"मला हे आवडत नाही, पण सांगणं भाग आहे. अर्जात पंचवीस आहेत. हजर चोवीस. अर्जातला आकडा आणि समोरचा आकडा जुळला नाही, तर अर्ज बाद. एक कमी चालत नाही, एक जास्त चालत नाही. आणि दुरुस्तीची मुदत गेल्या आठवड्यात संपली."

चोवीस गाईंनी मान वर करून एकदम सुनेकडे बघितलं, निदान तिला तरी तसं वाटलं. सगळ्यांची नावं तिला पाठ होती. कुणाला मिठाचा खडा लागतो, कुणाला धार काढताना गाणं लागतं, कोण बादलीला लाथ मारते, सगळं ठाऊक होतं. संध्याकाळी यातली एकही नसणार.

"मॅडम, चूक माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून त्या घरानं पहिल्यांदाच ऐकला असेल. "पोरीनं मला विचारून लिहिलं. शिक्षा काय ती मला करा."

"शिक्षेचा प्रश्न नाही हो, आजी," मॅडम म्हणाल्या.

गोडबोल्या घसा खाकरत उठला. "वहिनी, मग मी गुरं चढवायला घेऊ का? घाई नाही. आपलं सहज विचारतो."

आणि तेवढ्यात महाराणीनं हंबरडा फोडला.

साधा हंबरडा नव्हे. तो आवाज सासूबाईंना चांगला ओळखीचा होता. सगळे धावले. महाराणी गोठ्याच्या कोपऱ्यात उभी होती, शेपूट वर, पाठ कमानीसारखी, आणि खाली पेंढा भिजलेला. उन्हातल्या वरातीनं तिचे उरलेसुरले दिवस एका तासात भरून काढले होते.

सून मॅडमकडे वळली. "मॅडम, आज जन्मलेलं वासरू धरतात का?"

मॅडमनी नियमांचं पान उघडलं. बोटानं वर सरकवलं, खाली सरकवलं. "पोटातलं धरत नाहीत," त्या वाचत म्हणाल्या. "आईपासून सुटून जिवंत जमिनीवर आलं की धरायचं. त्याच्या कानात बिल्ला मारायचा आणि मोजायचं."

"आत्ता वाजले किती?"

"तीन वाजून पाच मिनिटं."

"अगं, मग बघत काय उभी राहिलीस!" सासूबाई कडाडल्या. "कोमट पाणी आण! दोरी आण! ती कोरडी पोती आण!"

घरात पाहुणे आल्यासारखी धांदल उडाली. साडेतीन झाले. पावणेचार झाले. वासराचे पुढचे दोन खूर दिसले, पांढरे, ओलसर. सुनेनं आनंदानं टाळ्या पिटल्या. पण नंतर काही हलेना. महाराणी कळ द्यायची, खूर इंचभर पुढे यायचे, कळ गेली की परत मागे. सवाचार झाले. सासूबाईंच्या मनगटात आता तेवढा जोर राहिला नव्हता. सुनेचे हात निसटत होते.

तेवढ्यात फोन वाजला. नवरा. तो दुधाचा टँकर चालवायचा, रात्रीपर्यंत येणार नव्हता. सुनेनं खांद्यानं फोन कानाशी दाबला.

"काय झालं? मोजली का? किती भरली?"

"साडेचोवीस!" सून ओरडली आणि फोन पेंढ्यात पडला.

गोडबोल्या फाटकावर रेलून हे सगळं बघत होता. आधी मजेत बघत होता. मग त्याची चुळबुळ सुरू झाली. एक पाय उचलायचा, दुसरा उचलायचा. "नाही, नाही," तो पुटपुटायला लागला. "असं नाही ओढायचं." पुढची कळ आली आणि सुनेनं पुन्हा सरळ मागे ओढलं, तेव्हा मात्र त्याला राहवलंच नाही.

"अहो, वहिनी! सरळ नका ओढू! खाली ओढा, तिच्या मागच्या खुरांकडे! कळ आली की ओढायचं, गेली की सोडायचं! तुम्हाला कुणी शिकवलं हे?" असं म्हणत तो फाटकावरून उडी मारून आत आलासुद्धा. घड्याळ काढून त्यानं मॅडमच्या हातात दिलं, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पेंढ्यात गुडघे टेकले. "दोरी द्या. मावशी, तुम्ही पाठ चोळा तिची. आता बघा."

आपण नक्की कुणाच्या बाजूनं ओढतोय, हा विचार त्याच्या डोक्यात शिरलाच नाही. बाप गुराखी, आजा गुराखी, त्याचं अर्धं आयुष्य गोठ्यात गेलेलं. अडलेली गाय समोर असताना माणूस बाजू कुठली बघणार?

"आली कळ! ओढा! ओढा! शाब्बास गं माझी बाई, जोर लाव!" गोडबोल्या ओरडत होता. सून त्याच्या मागे दोरी धरून ओढत होती. सासूबाई महाराणीच्या कानात काय काय सांगत होत्या. शेपूट गोल गोल पळत भुंकत होता. मॅडम घड्याळाकडे बघून मिनिटं सांगत होत्या आणि दर मिनिटाला त्यांचा आवाज चढत होता. "चार एकोणचाळीस! चार चाळीस! लावा, लावा जोर!"

चार बेचाळीसला नाक दिसलं, मग कपाळ, मग खांदे, आणि मग सगळं वासरू सळ्ळकन बाहेर येऊन गोडबोल्याच्या मांडीवर पडलं. त्या धक्क्यानं तो सुनेवर आणि सून पोत्यांवर. वासरानं डोकं झटकलं, फुर्र करून नाक साफ केलं आणि बें केलं.

"जमिनीवर ठेवा! जमिनीवर!" मॅडम किंचाळल्या. "मांडीवरचं धरता येत नाही!"

गोडबोल्यानं वासरू दोन्ही हातांनी उचलून पेंढ्यात ठेवलं. मॅडमनी खिशातून चिमटा काढला, कानात बिल्ला मारला, नंबर टिपला. "पंचवीस," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी असा गलका केला की बाकीच्या चोवीस जणी दावी ताणून बघायला लागल्या. कालवड होती. कपाळावर पांढरा ठिपका. सुनेनं तिचा ओलाचिंब मुका घेतला. सासूबाईंनी मॅडमना मिठी मारली. गोडबोल्यानं शेपूट कुत्र्यालाच मिठी मारली.

"आता पाठवते," मॅडम म्हणाल्या. टॅबवर बोट दाबलं. गोल चकरी फिरायला लागली. फिरत राहिली. "नेट नाही!"

"इथं फोन तेवढा लागतो, नेट कधीच नसतं," सून म्हणाली. "उंचावर जावं लागतं."

"कुठं उंचावर?"

सगळ्यांनी एकदम बाहेर बघितलं. जवळपास उंच अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गोडबोल्याचा ट्रक.

"चढा मॅडम, चढा! आपलाच समजा!" गोडबोल्यानं त्यांना हात दिला. गमबुटासकट मॅडम फळकुटावर, तिथून कठड्यावर, तिथून केबिनच्या टपावर चढल्या आणि टॅब डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. चार एकावन्न.

इकडे गोठ्यात सासूबाईंनी महाराणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांचा हात थबकला. महाराणी आडवी झाली होती. पुन्हा कळ देत होती. सासूबाईंनी मागे वाकून बघितलं.

"अगं बाई गं," त्या म्हणाल्या. "अजून एक आहे!"

महाराणीच्या शेपटीखाली आणखी दोन खूर, पांढरे, ओलसर.

सुनेला आधी आनंदच झाला. जुळी! आणि दुसऱ्याच क्षणाला तिचे डोळे पांढरे झाले. एक कमी चालत नाही. एक जास्त चालत नाही. जमिनीवर आलं की धरायचं.

"किती?" टपावरून मॅडमची हाक आली. "पाठवायच्या आधी हे परत विचारतंय! हजर किती?"

"पंचवीस!" सून ओरडली.

"नक्की?"

"आत्ता तरी पंचवीस!"

"आत्ता तरी म्हणजे काय?"

"तुम्ही पाठवा हो मॅडम, पटकन पाठवा!"

आणि मग त्या गोठ्यात जे झालं ते आजवर कुठल्याही गोठ्यात झालं नसेल. तासभर 'जोर लाव, जोर लाव' म्हणून घसा बसवलेली तीच माणसं महाराणीच्या भोवती बसली आणि तिला विनवायला लागली.

"थांब गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "पाच मिनिटं थांब. आजवर तुला कधी काही मागितलंय का?"

"धरून ठेव गं," सून म्हणाली. "उद्या तुला अख्खा मिठाचा खडा देते."

"लांब श्वास घे," गोडबोल्या तिला सांगत होता आणि स्वतःच लांब लांब श्वास घेऊन दाखवत होता. "हां, असा. घाई नको. घाई कशाला करायची?"

महाराणीनं एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. या माणसांचं नक्की म्हणणं तरी काय आहे, असा तिचा चेहरा झाला होता.

"चार छप्पन्न!" मॅडम टपावरून. "नेटची एक काडी आली! गेली! परत आली!"

कळ आली. खूर पुढे सरकले. "नको, नको, नको!" तिघं एका सुरात ओरडली. कळ गेली. तिघांनी कपाळावरचा घाम पुसला.

"चार सत्तावन्न! फिरतंय! फिरतंय!"

नाक दिसलं.

"थांब गं माझे आई!" गोडबोल्या हात जोडून म्हणाला.

"गेलं!" मॅडमनी टपावर दोन्ही पायांनी उडी मारली. केबिनचा पत्रा दणाणला. "गेलं! पंचवीस म्हणून गेलं! चार अठ्ठावन्न!"

जणू त्याच शब्दाची वाट बघत असल्यासारखं दुसरं वासरू पेंढ्यात येऊन पडलं.

कुणीच गलका केला नाही. वासरू हलत नव्हतं. पहिल्यापेक्षा बारकं, मान लुळी, जीभ बाहेर. फुर्र नाही, बें नाही.

"आपण थांबवलं हिला," सुनेच्या तोंडून निघालं, आणि पुढच्या क्षणी ती त्या वासरावर वाकली होती. बोट घालून तोंडातला चिकटा काढला. गोडबोल्यानं मागचे पाय धरून ते उलटं उचललं, नाकातून पाणी निथळलं, परत खाली ठेवलं. सासूबाई पोत्यानं छाती खसाखसा घासत होत्या. मॅडम ट्रकवरून कशा उतरल्या कुणी बघितलं नाही, पण त्या धापा टाकत आत आल्या, "ऐका, मंजूर..." असं काहीतरी म्हणाल्या, आणि कुणाचं लक्षच नाही हे बघून, मग वासरू बघून, टॅब पेंढ्यात टाकून त्याही गुडघ्यांवर बसल्या. पेंढ्याची एक काडी घेऊन त्यांनी वासराच्या नाकात फिरवली.

"पाच वाजले," कुणीतरी म्हणालं. पाच वाजले तर वाजू देत. या वासराचा रकाना कुठल्याच अर्जात नव्हता. ते जगलं काय, न जगलं काय, सरकारचा एक आकडा हलणार नव्हता. सरकारी माणूस, व्यापारी, सासू आणि सून, चौघं त्याच्या चार बाजूंना बसून त्याला घासत होती, हलवत होती, त्याच्याशी बोलत होती.

"ये रे बाळा," गोडबोल्या म्हणाला. त्याच्या आवाजातली ती नेहमीची साखर कुठल्या कुठे गेली होती. "ये रे. आता कुणी थांब म्हणणार नाही."

मॅडमनी काडी पुन्हा फिरवली. वासराचं अंग आक्रसलं. एकदा. मग ते एवढ्या जोरात शिंकलं की मॅडमच्या चष्म्यावर सगळं उडालं. मग दुसरी शिंक. मग छाती वर झाली, खाली झाली, वर झाली. महाराणी वळली आणि खरखरीत जिभेनं त्याला चाटायला लागली, तोंडावर वाकलेल्या माणसांना नाकानं बाजूला सारत.

सुनेनं पेंढ्यातच बसकण मारली. ती रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं, आणि विचारायला कुणाला सवडही नव्हती, कारण सासूबाईंचंही तेच चाललं होतं.

"मंजूर झालं म्हणून सांगत होते मी मघाशी," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. "सोमवारी चारा येईल."

गोडबोल्या ऐकत होता. पांढऱ्या शर्टाचं काय झालं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं मॅडमकडे बघितलं, महाराणीकडे बघितलं, बाहेरच्या रिकाम्या ट्रकाकडे बघितलं. मग कपाळावर हात मारला. "अहो, मी काय केलं हे! माझ्याच हातानं!"

गोठा हसण्यानं दणाणला. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसत होता. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चहाला आला होतास ना? मग घेतल्याशिवाय जाऊ नकोस."

मग त्या उठल्या, पदर झटकला, आणि सवयीनं मान उंचावून गोठ्यावरून नजर फिरवायला गेल्या. अर्ध्यावर थांबल्या. सुनेकडे वळल्या आणि जरा बिचकतच म्हणाल्या, "आता किती झाली गं?"

सून अजून पेंढ्यात बसली होती. एका हाताखाली ठिपक्याची कालवड, दुसऱ्या हाताखाली ते शिंकरं वासरू. तिनं मोजलं नाही.

"सगळी आहेत, आई," ती म्हणाली. "सगळी घरातच आहेत."